तज्ज्ञांचे अखत्यार

वैद्यकशास्त्राच्या निरनिराळ्या शाखा कोणत्या, त्या शाखांतील तज्ज्ञ नेमके काय करतात आणि कोणत्या व्याधीत कोणाचा सल्ला घ्यावा, हे सामान्य वाचकाला उमजेल अशा मराठीत सांगणाऱ्या पुस्तकाची गरज छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरात प्रकर्षाने जाणवते. समर्थनगर, खडकेश्वर, निराला बाजार किंवा जालना रस्ता या भागांतून जाणाऱ्याच्या दृष्टीस दवाखान्यांच्या ज्या पाट्या पडतात, त्यांवरील नावांपुढे लागलेल्या पदव्यांच्या अक्षरांचा अर्थ सुशिक्षितालाही सहज लावता येत नाही; मग भोकरदन, गेवराई किंवा सेनगाव तालुक्यातून पहाटेच्या एस.टी.ने निघालेल्या, जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी आणि कोणी तरी सांगितलेले डॉक्टरांचे एक नाव एवढ्याच भांडवलावर या शहरात उतरलेल्या माणसाची अवस्था काय होत असेल, हे सांगावयास नको. त्या माणसाला आणि त्याच्या सोबत आलेल्या पुतण्याला उपयोगी पडावे, हा या पुस्तकाचा पहिला हेतू आहे. त्यापलीकडचा दुसरा हेतू या प्रस्तावनेत क्रमाने स्पष्ट होईल.

शास्त्राचे असे विभाग पाडणे ही केवळ अर्वाचीन युगाची किंवा पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असा एक समज आढळतो. परंतु आयुर्वेदाच्या परंपरेने वैद्यकाची आठ अंगे फार पूर्वीच मानली होती: शल्य, शालाक्य, कायचिकित्सा, भूतविद्या, कौमारभृत्य, अगदतंत्र, रसायन आणि वाजीकरण. या आठ नावांकडे किंचित बारकाईने पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. हे विभाग कोणत्याही एका तत्त्वावर पाडलेले नाहीत. शल्य हा उपचाराच्या साधनावरून पडलेला विभाग, शालाक्य हा खांद्यांवरील अवयवांचा, कौमारभृत्य हा वयाचा, तर अगदतंत्र हा विषरूपी कारणाचा. अर्वाचीन वैद्यकातही हाच प्रकार आहे. बालरोगतज्ज्ञ वयावरून ठरतो, नेत्रतज्ज्ञ अवयवावरून, कर्करोगतज्ज्ञ व्याधीच्या जातीवरून, क्ष-किरणतज्ज्ञ साधनावरून आणि अतिदक्षता विभागाचा तज्ज्ञ रुग्णाच्या अवस्थेवरून. अर्थातच एकच रुग्ण एकाच वेळी अनेकांच्या हद्दीत मोडतो. पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात कर्करोगाची गाठ निघाली, तर तो मुलगा नेमका कोणाचा, या प्रश्नाला शाखांच्या यादीत उत्तर सापडत नाही.

निजामी अमदानीतील दफ्तरे चाळणाऱ्यास ठाऊक असते की सुभा, जिल्हा, तालुका आणि गाव यांच्या सीमा कागदावर कितीही रेखीव असल्या, तरी पाण्याचा ओहोळ किंवा टोळधाड त्या सीमांस जुमानीत नसे. कर्तबगार अंमलदार तोच, ज्याला आपला अखत्यार कोठे संपतो हे माहीत असे आणि जो आपल्या हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रकरणाची खबर शेजारच्या अंमलदारास वेळेवर पोहोचवीत असे. वैद्यकातील तज्ज्ञाचेही असेच आहे. त्याचे ज्ञान त्याच्या हद्दीत किती खोल आहे, हे पदवी सांगते. तथापि त्याची खरी परीक्षा त्या हद्दीच्या काठावर होते, आणि रुग्णाचे बरेवाईटही पुष्कळदा तेथेच ठरते. या पुस्तकाचे प्रतिपादन एका वाक्यात सांगावयाचे झाले तर ते हेच आहे.

अर्वाचीन शाखांच्या वाढीस यंत्रे आणि द्रव्ये यांनी मोठा हातभार लावला. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे साधन सिद्ध केले आणि नेत्रवैद्यकाला स्वतंत्र भूमी मिळाली. १८४६ साली बॉस्टन येथे ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली आणि शल्यवैद्यास घाईतून मुक्ती मिळाली. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि शरीर न फाडता आतील हाड पाहता येऊ लागले. प्रत्येक नव्या साधनाबरोबर ते साधन वापरण्याची विद्या, त्या विद्येची परीक्षा आणि त्या परीक्षेची पदवी निर्माण होत गेली. आपल्याकडे १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, १९२६ साली परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय उभे राहिले, आणि १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या रूपाने एकाच व्याधीला वाहिलेली संस्था अस्तित्वात आली.

मराठवाड्याचा वैद्यकीय इतिहास मात्र त्या काळी मुंबईशी नव्हे, तर हैदराबादशी जोडलेला होता. तेथे १८४६ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत प्रारंभी अध्यापन उर्दूतून चाले. त्याच शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ या वर्षांत क्लोरोफॉर्मच्या भुलेची चौकशी करणारे दोन आयोग बसले. भुलेखाली दगावणारा रुग्ण श्वास थांबल्याने दगावतो की हृदय थांबल्याने, हा वादाचा विषय होता. श्वासावर नजर ठेवली म्हणजे पुरे, असा निकाल आयोगाने दिला. पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले की हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय अकस्मात बिघडू शकते. आयोगाने हजारो निरीक्षणे केली असतील, प्रयोगांस पैसा कमी पडला नसेल. परंतु श्वासाच्या हद्दीत उभे राहून हृदयाचा निकाल देता येत नाही, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी यांनी क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील आरंभीच्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आज शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू या सर्वांवर एकाच वेळी दृष्टी ठेवून असतो, त्यामागे त्या जुन्या वादाची शिकवण आहे.

१९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पाणचक्की रस्त्यावरील या महाविद्यालयाला व त्याच्या रुग्णालयाला साऱ्या मुलखात 'घाटी' या एकाच नावाने ओळखतात; 'घाटीत नेले' एवढे सांगितले म्हणजे आजाराचे गांभीर्य निराळे सांगावे लागत नाही. मराठवाड्याच्या जिल्ह्यांखेरीज बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगर येथूनही रुग्ण येथे येतात. १९७४ साली अंबाजोगाईला, १९८८ साली नांदेडला आणि २००२ साली लातूरला शासकीय महाविद्यालये झाली. अलीकडे धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली यांचीही त्यांत भर पडली. १९८९ च्या आसपास या शहरात महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आणि डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू झाले, २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय आले, आणि पुढे घाटीच्या आवारात अतिविशेषोपचार रुग्णालयाची इमारतही उभी राहिली. एका पिढीपूर्वी ज्या रुग्णाला मुंबई किंवा पुणे गाठावे लागे, त्याला लागणारे बहुतेक तज्ज्ञ आज येथेच भेटतात. मात्र त्यांतला कोणता आपल्या कामाचा, हे ओळखण्याचा प्रश्न त्यामुळे अधिकच बिकट झाला आहे.

येथे पदव्यांचा थोडा तपशील देणे अवश्य आहे. एम.बी.बी.एस. हा साडेपाच वर्षांचा, एक वर्षाच्या आंतरवासितेसह पुरा होणारा मूळ अभ्यासक्रम. त्यानंतर तीन वर्षे एखाद्या शाखेत निवासी डॉक्टर म्हणून काम करून एम.डी. किंवा एम.एस. ही पदवी मिळते. सामान्यतः औषधोपचाराच्या शाखांस एम.डी. आणि शस्त्रक्रियेच्या शाखांस एम.एस. असा भेद आहे. त्याहीपुढे तीन वर्षे खर्ची घातली म्हणजे डी.एम. किंवा एम.सीएच. होता येते, आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू, पोट यांचे अतिविशेष तज्ज्ञ बहुधा याच मार्गाने तयार होतात. डी.एन.बी. ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी होय. लोक ज्याला सरसकट 'एमडी डॉक्टर' म्हणतात तो बहुधा मेडिसिनचा एम.डी., म्हणजे फिजिशियन असतो. पण विकृतिशास्त्राचा किंवा क्ष-किरणशास्त्राचा पदवीधरही एम.डी.च असतो, हे पाटी वाचताना विसरू नये.

अवयवांच्या शाखांत बहुधा जोड्या असतात: एक तज्ज्ञ औषधाचा, दुसरा शस्त्राचा. हृदयरोगतज्ज्ञ इकोची तपासणी करतो, मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून नळी घालून अँजिओग्राफी करतो आणि अरुंद झालेल्या वाहिनीत स्टेंट बसवितो. छाती उघडून बायपास करणे किंवा झडप बदलणे हे हृदयशल्यविशारदाचे काम. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, मंद होत चाललेल्या मूत्रपिंडाची निगा राखतो आणि डायलिसिस चालवितो. मुतखडा काढणे किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करणे हे युरॉलॉजिस्टकडे. मूत्रपिंडरोपणाच्या वेळी मात्र दोघे एकाच रुग्णाच्या उशापायथ्याशी असतात: नवे मूत्रपिंड जोडतो युरॉलॉजिस्ट, आणि शरीराने ते नाकारू नये यासाठी पुढे आयुष्यभर औषधांचा समतोल सांभाळतो नेफ्रॉलॉजिस्ट. फेफरे, कंपवात आणि अर्धांगवायू यांसाठी मेंदूविकारतज्ज्ञ; गाठ, रक्तस्राव आणि डोक्याला झालेली गंभीर इजा यांसाठी मेंदूशल्यविशारद. अर्धांगवायूच्या बाबतीत तर घड्याळालाच महत्त्व आहे. वाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळविणारे औषध सर्वसाधारणतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तत्पूर्वी रक्तस्राव झालेला नाही याची सी.टी. स्कॅनने खात्री करावी लागते. वाळूजच्या कारखान्यात सकाळच्या पाळीत तोंड वाकडे झालेल्या कामगारास 'उद्या मोठ्या डॉक्टरांकडे दाखवू' म्हणून घरी नेणे याचा अर्थ काय होतो, हे यावरून कळावे.

डोळ्यांच्या शाखेत नेत्रतज्ज्ञ आणि चष्म्याचा नंबर काढणारा दृष्टितपासनीस यांतील फरक लक्षात घेतला पाहिजे. दुसऱ्याने काढलेला नंबर अचूक असेल, पण काचबिंदूचा दाब किंवा मधुमेहाने पोखरलेले दृष्टिपटल नंबराच्या तपासणीत दिसेलच असे नाही. लातूर जिल्ह्यातील डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतिबिंदूच्या शस्त्रक्रिया गोरगरिबांपर्यंत पोहोचवून या शाखेचे जे काम केले, ते महाराष्ट्रास परिचित आहे. मनाच्या शाखेतही असाच भेद आहे: मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला असतो आणि औषधे देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि समुपदेशन यांच्या द्वारे काम करतो. दोघांची गरज एकाच रुग्णाला पडू शकते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत; त्यांतील एकही मराठवाड्यात नाही, आणि जेथे दुष्काळ व शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे वर्षानुवर्षांचे दुःख आहे, तेथे ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

कान-नाक-घसा, त्वचा, अस्थी, श्वसन, पोट, संधिवात आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्या तज्ज्ञांची स्वतंत्र प्रकरणे पुस्तकात आहेतच. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. परंतु ज्या तज्ज्ञांचे तोंडही रुग्ण बहुधा पाहत नाही, त्यांच्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती साधी की घातक, हे सांगतो विकृतिशास्त्रज्ञ; जंतू कोणता आणि कोणत्या प्रतिजैविकाला तो दाद देईल, हे ठरवितो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ; स्कॅनमधील छायांचा अर्थ लावतो क्ष-किरणतज्ज्ञ. शल्यवैद्याची कीर्ती गावभर होते, पण त्याने कोठे आणि किती कापावे याचा निर्णय पुष्कळदा या अदृश्य माणसांच्या दोन ओळींच्या अहवालावर अवलंबून असतो. टाटा मेमोरियलमधील डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञच होते, आणि भारतातील कर्करोगसंशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

आणखी एक तज्ज्ञ असा आहे की ज्याचा रुग्ण म्हणजे एक व्यक्ती नसून संबंध वस्ती असते. प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक हे त्याच्या शाखेचे नाव. घाटीजवळच्या पाणचक्कीला ज्या पद्धतीच्या बंद नहरींतून पाणी आले, तीच पद्धत वापरून मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या नव्या नगराला डोंगरातले पाणी जमिनीखालून आणले होते; ते काम स्थापत्याचे होते, परंतु त्याचे फळ आरोग्याचे होते. साथ कोठून निघाली, लसीकरणात कोणती वस्ती सुटली, माता आणि बालके का दगावतात, याचा शोध घेणारा हा तज्ज्ञ स्वतःचा खासगी दवाखाना क्वचितच काढतो. त्यामुळे त्याची पाटी रस्त्यावर दिसत नाही आणि त्याचे मोलही समाजाच्या लक्षात येत नाही.

शाखांच्या सीमा ओलांडल्याने काय साधते आणि त्या सीमांच्या आड काय दडते, याची दोन उदाहरणे मराठवाड्यातच, एकमेकांलगतच्या दोन जिल्ह्यांत घडलेली आहेत. आणि दोन्ही एकाच अवयवाविषयी आहेत. पहिले उदाहरण तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचे. शेजारच्या बार्शी येथे ग्रामीण कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर परांडा व भूम हे तालुकेही होते. याच रुग्णालयाने, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने, उस्मानाबाद जिल्ह्यातील तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. त्यात गावांचे गट पाडून निरनिराळ्या तपासण्या करण्यात आल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या गटात या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकच तपासणी झाली, त्या गटात पुढील आठ वर्षांत या कर्करोगाच्या प्रगत अवस्था आणि मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेने जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणी-धोरणांवर त्याचा प्रभाव पडला. या कामात स्त्रीरोगतज्ज्ञ होते, विकृतिशास्त्रज्ञ होते, कर्करोगतज्ज्ञ होते, संख्याशास्त्रज्ञ होते आणि घरोघर फिरून बायकांची समजूत घालणाऱ्या आरोग्यसेविकाही होत्या. यांतील कोणा एकाने सर्व श्रेय घ्यावे असे ते कामच नव्हते.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याचे. ऊसतोडीसाठी दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या स्त्रियांमध्ये लहान वयातच गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर महिला ऊसतोड कामगारांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा त्रास, अंगावरून पाणी जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा फडावरील ओझ्यात, पाणी व शौचालय यांच्या अभावात आणि एक दिवसाचाही खाडा परवडू न देणाऱ्या मुकादमाच्या उचलीत होते. म्हणजे व्याधीचा काही भाग स्त्रीरोगशास्त्राच्या हद्दीत आणि मोठा भाग सामाजिक वैद्यकाच्या व कामगार कायद्याच्या हद्दीत होता. ज्याच्या हाती शस्त्र होते त्याने सर्व प्रश्नाचा निकाल शस्त्राने लावला. येथे कोणा एका डॉक्टरला दोष देण्याचा हेतू नाही. समितीने या प्रश्नावर सामूहिक आणि शासकीय उपाय सुचविले आहेत. परंतु 'दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्या, आधी साधी तपासणी करा, तीन महिने औषध घेऊन पाहा' एवढे सांगणारे त्या वेळी त्या स्त्रीजवळ कोणी नव्हते, हे सत्य आहे; आणि शिरोड्याच्या डॉ. विठ्ठल शिरोडकरांनी १९५५ साली जगापुढे मांडलेल्या टाक्याने असंख्य स्त्रियांचे गर्भ ज्या शाखेने राखले, त्याच शाखेच्या नावाने हे घडले, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरे उदाहरण एका व्यक्तीचे. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातील महाडच्या परिसरात काम करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले दगावताना पाहत होते. विंचवाचा दंश हा विषाचा मामला, म्हणून सर्वांचे लक्ष विषाकडे. बावस्करांनी मात्र रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि दाखवून दिले की दंशानंतर रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरून मृत्यू येतो. विषाच्या खात्यातला रुग्ण प्रत्यक्षात हृदयाच्या खात्यात दगावत होता. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी या रुग्णांना देऊ केले, त्यांचे निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. मोठ्या महाविद्यालयाची इमारत, अतिविशेष पदवी किंवा यंत्रांचा ताफा जवळ नसताना हे साधले, कारण त्यांनी रोगाला एका हद्दीतून दुसरीत जाताना पाहिले.

या उदाहरणांवरून विशेषज्ञता निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढू नये. डी.एम. झालेल्या हृदयरोगतज्ज्ञाच्या हातातील नळीने दररोज माणसे वाचतात, आणि नवजात शिशूंच्या तज्ज्ञाने सांभाळलेली एक किलो वजनाची बालके आज शाळेत जातात. मुद्दा एवढाच की ज्ञान जसजसे खोल जाते, तसतशी त्याची रुंदी आपोआप कमी होते, आणि ती उणीव भरून काढण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी करावे लागते. पूर्वी हे काम घरचा डॉक्टर करीत असे. गल्लीतील त्या डॉक्टरला आजोबांचा दमा, सुनेचे बाळंतपण आणि नातवाचा गोवर ठाऊक असे, आणि त्याच्या चिठ्ठीवर मोठ्या रुग्णालयात रांग न लावता माणूस योग्य टेबलापाशी पोहोचत असे. आज ही वहिवाट क्षीण होत चालली आहे. तिच्या जागी फिजिशियन, अपघात विभागातील वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि कुटुंबवैद्यकाचे पदवीधर यांनी काही प्रमाणात उभे राहावयाचे आहे. पण रुग्णानेही थोडी जबाबदारी उचलली पाहिजे, आणि या पुस्तकाचा दुसरा हेतू ती जबाबदारी समजावून देणे हा आहे.

पुस्तकाची मांडणी म्हणूनच शाखांच्या क्रमाने न करता तक्रारींच्या क्रमाने केली आहे. छातीत दुखणे, चक्कर येणे, वजन घटणे, हातापायांस मुंग्या येणे, लघवीतून रक्त जाणे, झोप न लागणे अशी प्रकरणे असून प्रत्येकात प्रथम कोणाकडे जावे, तो काय विचारील व काय तपासील, कोणत्या चिन्हांवरून तो पुढे कोणाकडे पाठवील आणि कोणती लक्षणे दिसताच कोणाचीही वाट न पाहता अपघात विभाग गाठावा, हे सांगितले आहे. एकट्या छातीत दुखण्याच्या प्रकरणातच हृदय, फुप्फुस, अन्ननलिका, पित्ताशय, बरगड्या, नागीण आणि मनाची भीती असे सात मालक निघतात. प्रकरणाच्या अखेरीस त्या त्या तज्ज्ञांची ओळख दिली आहे. उपचारांच्या किमती दिलेल्या नाहीत, कारण त्या पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात. औषधांची मात्राही दिलेली नाही, कारण ती ठरविणे हे पुस्तकाचे काम नव्हे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कोणते उपचार मिळतात, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

वाचकाने दोन सवयी लावून घ्याव्यात, एवढी विनंती आहे. पहिली, कागद जपण्याची. जुना केसपेपर, रक्ताचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी तारखांच्या क्रमाने एकत्र असली, तर घाटीच्या गर्दीत वेळेअभावी त्रासलेल्या निवासी डॉक्टरचेही काम सोपे होते, आणि एका तज्ज्ञाने दिलेले औषध दुसऱ्याच्या औषधाशी भांडत आहे का, हे वेळीच कळते. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांसाठी तीन ठिकाणी जाणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर हे अत्यावश्यक आहे. गुडघ्यासाठी मिळालेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडास अपाय करू शकते आणि रक्तदाबही वाढवू शकते. ही गोष्ट तिन्ही डॉक्टरांना स्वतंत्रपणे ठाऊक असते, परंतु रुग्ण तीन ठिकाणी तीन गोष्टी खातो, हे त्यांतील एकालाही ठाऊक नसते.

दुसरी सवय बोलण्याची आहे, आणि ती पहिलीहून अवघड आहे. आपण डॉक्टरांपुढे बसतो ते निदान बरोबर घेऊनच: 'मला गॅसेस होतात', 'माझी नस दबली आहे', 'मला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवा'. शाखांची ओळख करून देणारे पुस्तक वाचून ही खोड वाढण्याचाच संभव अधिक, याची जाणीव हे पुस्तक लिहिताना सतत होती. म्हणून स्पष्टच सांगतो: शाखा ठरविणे हे डॉक्टरांचे काम आहे, तक्रार नीट सांगणे हे आपले. 'चार जिने चढले की छातीवर दाब येतो, डाव्या हाताकडे जातो, थांबले की पाच मिनिटांत ओसरतो, आणि हे गेल्या पंधरा दिवसांत वाढले आहे', एवढे एक वाक्य ज्याला सांगता येईल, तो कोणत्याही दारातून आत शिरला तरी योग्य तज्ज्ञापर्यंत पोहोचेल. असे वाक्य तयार करण्यास पुढील पानांनी वाचकाला मदत केली, तर लेखनाचे श्रम कारणी लागले असे मी समजेन.